नौपाड्यातला एक रस्ता आणि शाळेचं फाटक: हवेच्या मॉडेलला नेमकं काय विचारायचं?

पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनकडून तीन हात नाक्याकडे जाताना नौपाड्यात जे अरुंद, गजबजलेले रस्ते लागतात, त्यांतल्या एकावरचं हे प्रकरण आहे. शाळा, सोसायट्या आणि रस्ता यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रस्ता जवळपास सरळ उत्तर-दक्षिण. एका बाजूच्या दुकानाच्या पायरीपासून समोरच्या पायरीपर्यंत साधारण १५ मीटर. खाली मेडिकल, फरसाणवाला, साड्यांची दुकानं, क्लासेसच्या पाट्या, वर बिऱ्हाडं. पूर्वी इथे चारमजली इमारतींची सलग रांग होती. पुनर्विकासाच्या लाटेत मधूनमधून उंच इमारती उठल्या आणि रांगेची सरासरी उंची २० मीटरच्या घरात गेली. पश्चिमेच्या फुटपाथवर एका शाळेचं फाटक उघडतं. शाळा दोन पाळ्यांची. सकाळची पाळी सातच्या सुमारास भरते. साडेबाराला ती सुटते आणि दुपारची आत शिरते. त्या अर्ध्या तासात फाटकापुढे पाय ठेवायला जागा नसते. फाटकाला लागूनच रिक्षा स्टँड, आणि स्टँडच्या पुढे सिग्नल.

पालकांची तक्रार जुनीच होती. मुलांना खोकला सुटत नाही, फाटकापाशी उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. त्या हिवाळ्यात तक्रारीला जोर आला, कारण प्रत्येकाच्या मोबाईलवर हवेचा निर्देशांक दाखवणारं सरकारी ‘समीर’ ॲप होतं आणि त्यातला आकडा रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर पडत होता. तो आकडा काही किलोमीटर लांबच्या केंद्राचा होता, फाटकाचा नव्हता, हा मुद्दा कुणाच्या गावी नव्हता. पालकांची मागणी साधी होती: रिक्षा स्टँड समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या फुटपाथवर न्या. त्यामागचा तर्कही सरळ होता. आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. स्टँड पूर्वेला गेला की धूर पलीकडे उडून जाईल.

रिक्षा युनियनचा अर्थातच विरोध होता. स्टँड हलवायचा तर वाहतूक शाखा, आरटीओ आणि महापालिका अशा तिघांना हलवायला लागतं, आणि तिन्हीकडून एकच उत्तर आलं: काहीतरी अभ्यास आणा.

अभ्यास एक होता. याच परिसरातल्या वाहतूक सुधारणेच्या प्रस्तावासाठी एका सल्लागाराने केलेल्या अहवालात या रस्त्याचीही दोन पानं होती. निष्कर्ष असा की, सर्व प्रदूषक मानकांच्या आत आहेत. पालकांना तो अहवाल खोटा वाटला. तो खोटा नव्हता, वेगळ्याच तऱ्हेच्या रस्त्याला लागू पडणारा होता.

शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने यात लक्ष घातलं. त्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पर्यावरण शिकवतात; पुढे ‘मॅडम’ म्हटलंय ते त्यांनाच. शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, समोरच्या सोसायटीत राहणारे एक निवृत्त इंजिनियर काका आणि गणित तपासायला मी, एवढाच हा गट होता. पैसे नव्हते. प्रयोगशाळा महाविद्यालयाची.

अडचण नेमकी कुठे होती

सल्लागाराने वापरलेलं मॉडेल, म्हणजे धूर कुठे किती साचेल याचा गणिती हिशेब, केलाइन-४. कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाने १९८०च्या दशकात महामार्गांसाठी तयार केलेलं हे मॉडेल भारतात रस्त्यांच्या अहवालांमध्ये सर्रास वापरलं जातं, आणि मोकळ्या हायवेला ते चांगलं चालतं. रस्ता म्हणजे धुराची एक रेघ, वारा त्या रेघेवरून धूर उचलून पुढे नेतो आणि तो पसरत जातो, अशी त्याची कल्पना. घोडबंदर रोडच्या मोकळ्या टप्प्यात हे पटतं. नौपाड्यात धूर पुढे जायला जागाच नाही.

दोन्ही बाजूंना सलग इमारती असलेला रस्ता ही हवेच्या दृष्टीने घळ असते. घळीची उंची आणि रुंदी यांचं गुणोत्तर महत्त्वाचं. टिमथी ओक यांनी १९८८ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार हे गुणोत्तर साधारण ०.७ च्या वर गेलं की वारा छपरांवरून घसरत निघून जातो आणि घळीतली हवा खालीच गोल फिरत राहते. आपला रस्ता १.३ वर होता. छपरावर वारा पश्चिमेकडून पूर्वेला जात असेल, तर तो पूर्वेच्या इमारतीवर आपटतो, तिच्या भिंतीवरून खाली उतरतो, आणि रस्त्याच्या पातळीवर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. जाता जाता सगळ्या गाड्यांचा धूर गोळा करतो आणि पश्चिमेच्या फुटपाथवर आणून टाकतो. म्हणजे वारा जिकडून येतो, त्याच बाजूच्या, आडोशाच्या फुटपाथवर धूर जास्त.

हे पुस्तकातलं वाटतं म्हणून काकांनी एक साधा उद्योग केला. पूर्वेच्या फुटपाथवरचा फरसाणवाला गल्ल्याशेजारी उदबत्ती लावतो. दुपारी एकच्या सुमाराला काकांच्या गच्चीवरचा झेंडा पूर्वेकडे फडफडत होता आणि खाली उदबत्तीचा धूर दुकानाबाहेर पडून पश्चिमेकडे, थेट शाळेच्या दिशेने चालला होता. मोबाईलवर घेतलेला तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुढे सगळ्या आलेखांपेक्षा जास्त कामाला आला.

दुसरी अडचण वाऱ्याच्या आकड्यांची. अहवालात सांताक्रूझच्या वेधशाळेचा वारा होता. सांताक्रूझ इथून पंधराएक किलोमीटर, आणि मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. ठाणं येऊरच्या पायथ्याशी, पूर्वेला खाडी, पलीकडे पारसिकची टेकडी. समुद्राचा वारा इथे उशिरा पोचतो आणि पोचेपर्यंत दमलेला असतो. याचा आकड्यांवर किती परिणाम होतो ते ढोबळ हिशेबानेही कळतं. समजा तासाला १५०० वाहनं आणि प्रत्येकी किलोमीटरमागे सरासरी ०.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स. रस्त्याच्या दर मीटरमागे दर सेकंदाला सुमारे २०८ मायक्रोग्रॅम सुटतात. घळीच्या वरच्या तोंडातून हवा बदलण्याचा वेग वाऱ्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका धरू. सेकंदाला २ मीटर वारा असेल, तर २०८ ला १५ आणि ०.२ च्या गुणाकाराने भागायचं: घनमीटरला ६९ मायक्रोग्रॅम. वारा १ मीटर धरला की तेच १३९. गाडी एकही वाढली नाही, फक्त वाऱ्याचा आकडा बदलला. आणि वारा शून्याकडे गेला की केलाइन-४ च्या जातीची मॉडेलं भागाकारातच अडकतात. म्हणून त्यांत वाऱ्याला किमान मर्यादा घालावी लागते. नेमक्या हिवाळ्यातल्या निवांत सकाळी, जेव्हा हवा सर्वांत वाईट, तेव्हा हे मॉडेल गप्प किंवा खोटं.

तिसरी अडचण प्रश्नाचीच होती. अहवाल विचारत होता, “मानकाच्या आत का?” २००९ च्या राष्ट्रीय मानकांत नायट्रोजन डायऑक्साइडला २४ तासांची मर्यादा आहे, ८० मायक्रोग्रॅम, आणि वार्षिक ४०. एका तासाची मर्यादाच नाही. मग साडेबाराच्या अर्ध्या तासाला तोलायचं कशाशी? शाळेचा खरा प्रश्न वेगळा होता: मूल कुठल्या फुटपाथवर, कुठल्या वेळी, कुठल्या फाटकातून बाहेर यावं? तो मॉडेलला विचारता येतो. ‘किती’ यापेक्षा ‘इकडे की तिकडे’ याचं उत्तर मॉडेल खूप जास्त भरवशाने देतं, कारण वाहनांच्या आकड्यांतली चूक दोन्ही फुटपाथांना सारखीच लागू होते.

समोरचे पर्याय

मॉडेलचे पर्याय चार होते. केलाइन-४ बाजूला पडलं. अमेरिकी पर्यावरण संस्थेचं एरमॉड नव्या अहवालांत दिसतं, पण रस्त्याच्या घळीतली गोल फिरणारी हवा त्यातही नाही. तिसरा मार्ग सीएफडीचा, म्हणजे इमारतींची त्रिमिती रचना संगणकात उभी करून हवेची समीकरणं सोडवायची. विद्यार्थ्यांचा जीव त्यात अडकला होता. चित्रं सुरेख येतात, प्रोजेक्टला भरभरून गुण मिळतात. पण वाऱ्याची प्रत्येक दिशा वेगळी चालवायची, आणि ओतायचे आकडे तेच कच्चे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “अरे, वारा कुठून येतो हेच नक्की माहीत नसताना भोवरे रंगवून काय करणार?”

चौथा पर्याय डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या ओएसपीएम या मॉडेलचा. त्याची रचना देखणी आणि साधी. आडोशाच्या फुटपाथवर गाड्यांचा थेट धूर अधिक फिरून आलेला धूर. वाऱ्याला सामोऱ्या फुटपाथवर बहुतेक फिरून आलेलाच. आणि दोन्हींवर वरून येणारी शहराची पार्श्वहवा. वारा पडला तरी गाड्यांच्या हालचालीने हवा ढवळली जाते, हेही त्यात धरलेलं आहे. प्रसिद्ध झालेली समीकरणं घेऊन विद्यार्थ्यांनी ती स्प्रेडशीटमध्ये बसवली. हाच पर्याय निवडला.

प्रदूषक कोणता, यावर वाद जास्त झाला. पालकांना पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, हवा होता, कारण ॲपवर तोच दिसतो. त्यासाठी रस्त्यावरची धूळ मोजणं आलं. एपी-४२ या अमेरिकी उत्सर्जन-संग्रहातलं सूत्र घ्यायचं तर चौरस मीटरवरची बारीक माती झाडून, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून वजन करावी लागते. ती करून पाहिली. फाटकापुढे एक आकडा, सिग्नलजवळ खोदकामाच्या पॅचवर भलताच. सूत्रात मातीचा घात ०.९१, म्हणजे माती दुप्पट धरली की धूळ १.८८ पट. तीन हात नाक्याला मेट्रो-४ चं काम चाललेलं, कुठल्या दिवशीची माती खरी म्हणायची? शिवाय पीएम २.५ चा मोठा हिस्सा शहराच्या पार्श्वहवेतून येतो. रस्त्याचा स्वतःचा वाटा त्यात हरवून जातो. नायट्रोजन डायऑक्साइड हा वाहनांचा चांगला माग आहे आणि स्वस्तात मोजता येतो. तो ठरला. पालकांची नाराजी पत्करून घेतलेला हा निर्णय माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत योग्य निर्णय होता.

उपायांचे पर्यायही आले. स्टँड हलवणं. शाळेचं मागचं फाटक उघडणं. फुटपाथवर झुडपांची भिंत. आणि एका स्थानिक पुढाऱ्याने हौसेने सुचवलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र, त्यांच्या फोटोसकट. यंत्राचा हिशेब काकांनी बैठकीतच मांडला. रस्त्याचा २०० मीटरचा तुकडा धरा: १५ मीटर रुंद, २० मीटर उंच, ६० हजार घनमीटर हवा. सेकंदाला १ मीटरच्या मंद वाऱ्यातही ती साधारण सव्वातीन मिनिटांत बदलते, म्हणजे तासाला दहा लाख घनमीटरांहून जास्त. यंत्र तासाला दहा हजार घनमीटर गाळतं असं धरलं, तरी शंभरातला एक भाग. “एका टक्क्यासाठी एवढं भाडं, साहेब?” यंत्राचा विषय तिथेच संपला. फोटोचं काय झालं माहीत नाही.

काय केलं

वाहनं मोजायला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून व्हिडिओ घेतला आणि नंतर थांबवत थांबवत मोजला. किती गाड्या यापेक्षा किती जुन्या, हे महत्त्वाचं. डिझेल कारला नॉक्सची मर्यादा धुराच्या बीएस-४ या जुन्या मानकात किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ८० आहे. जुनी-नवी यांचं प्रमाण चुकलं की सगळा हिशेब तिप्पटीच्या चुकीकडे झुकतो. यावर विद्यार्थ्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. एमएच-०४ नंतरची अक्षरांची मालिका पाहिली की गाडी साधारण कुठल्या वर्षात नोंदली गेली हे आरटीओच्या एजंटाला तोंडपाठ असतं. त्याच्याकडून तक्ता लिहून घेतला. व्हिडिओतून फक्त मालिकेची अक्षरं टिपली, पूर्ण नंबर लिहिलाच नाही. प्रत्येक गटाचे उत्सर्जनाचे आकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचे घेतले.

मोजताना एक गोष्ट उघडी पडली, जिने पुढचं सगळंच बदललं. स्टँडवरच्या रिक्षांची इंजिनं बंद असायची. रांग पुढे सरकली की चालक खाली उतरून रिक्षा ढकलायचे. युनियनच्या पुढाऱ्यांना विचारलं, तर ते हसले. “मॅडम, सीएनजी काय फुकट येतो का? रांगेत इंजिन चालू ठेवून धंदा कसा परवडेल?” इंजिनं चालू होती ती दुसऱ्यांची: एसी लावून मुलाची वाट पाहणाऱ्या पालकांच्या गाड्या, आणि सिग्नलपर्यंत डबल पार्किंग करून उभ्या राहिलेल्या शाळेच्या डिझेल बस. त्यांच्यामुळे मागची वाहतूक तुंबत होती, ते वेगळंच.

वाऱ्यासाठी काकांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बांबू बांधून वाटीचा वायुवेगमापक लावला. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी पाम्स नळ्या. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, वरच्या टोपणात ट्रायइथॅनॉलअमीन लावलेल्या दोन बारीक जाळ्या, खालचं तोंड उघडं. वायू आपोआप वर सरकत जाळीवर बसतो. वीज नको, पंप नको. दोन आठवड्यांनी नळी उतरवायची आणि प्रयोगशाळेत रंग काढून ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचायचा. दोन्ही फुटपाथांवर, मागच्या बोळात, आणि पार्श्वहवेसाठी शाळेच्या गच्चीवर मागच्या अंगाला नळ्या टांगल्या. पन्हाळीच्या पाइपला केबल टायने, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर.

पण नळी दोन आठवड्यांची सरासरी देते, आणि प्रश्न होता साडेबाराचा. म्हणून नळ्यांचा आणखी एक संच फक्त दुपारसाठी ठेवला. शाळेच्या वॉचमनकाकांनी रोज अकराला लाल टोपण काढायचं, तीनला लावायचं आणि वहीत वेळ टाकायची. ठरलेले तास भरेपर्यंत नळ्या आठवड्यांमागून आठवडे तशाच टांगलेल्या. वहीत त्यांनी वेळेसोबत स्वतःहून शेरेही लिहिले: “टँकर उभा होता”, “आज मिरवणूक, रस्ता बंद”, “नळीत कोळी”. कोळ्याची नळी बाद केली. महागड्या उपकरणाच्या नोंदीत असे शेरे मिळत नाहीत.

मॉडेल आणि मोजमाप शेजारी ठेवलं तेव्हा चित्र असं निघालं. सांताक्रूझचा वारा घातला की मॉडेल मोजलेल्याच्या जेमतेम निम्म्यावर राहत होतं. गच्चीवरचा वारा घातला की बहुतेक जागी दुपटी-निमपटीच्या आत येत होतं. या क्षेत्रात निम्म्याहून जास्त आकडे दुपटी-निमपटीच्या आत आले की मॉडेल स्वीकारार्ह मानतात, तेव्हा हे वाईट नव्हतं. दुपारी पश्चिमेचा, म्हणजे शाळेचा फुटपाथ जास्त प्रदूषित, हे मॉडेलनेही सांगितलं आणि लाल टोपणाच्या नळ्यांनीही.

निर्णयाची वळणं

आता पालकांच्या मागणीचा निकाल लागायला हरकत नव्हती. दुपारी स्टँड पूर्वेला नेला, तर जमिनीलगतची हवा तिथला धूर रस्ता ओलांडून शाळेकडेच आणणार. मागणी फेटाळा आणि मोकळे व्हा. पण मॅडमनी सकाळची गणितं वेगळी काढायला लावली, आणि तिथे उत्तर उलटं झालं. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून, ईशान्य-पूर्वेकडून येतो. मग आडोशाची बाजू पूर्वेची, आणि शाळेचा फुटपाथ तुलनेने बरा. वर्षभराचा वारा एकत्र केला की पावसाळ्याचा आणि दुपारचा पश्चिम वारा जिंकतो आणि सकाळ त्यात बुडून जाते. अहवाल वर्षाच्या सरासरीवर बोलतात. मुलं मात्र ठरलेल्या दोन वेळांनाच रस्त्यावर असतात.

सकाळच्या बऱ्याच तासांत तर वेगमापक चक्क शून्यावर होता. वाटीच्या वेगमापकाला फिरायलाच सेकंदाला अर्धा मीटर वारा लागतो. अशा वेळी भोवरा बनत नाही, आडोसा-सामोरा काही उरत नाही; सर्वांत जवळची चालू टेलपाइप कुठे आहे एवढंच महत्त्वाचं ठरतं. इथे मॉडेलवर बोट ठेवून काही सांगणं अप्रामाणिक झालं असतं, म्हणून गटाने सकाळसाठी साधा नियम सुचवला: फाटकापासून चालू इंजिन लांब.

खरी कसोटी पालकसभेत होती. चालू इंजिनांचा व्हिडिओ दाखवायचा का? नंबर दिसत नव्हते, पण गाडीचा रंग आणि मागच्या काचेवरचं स्टिकर ज्याचं तो ओळखणारच. शेवटी मॅडमनी व्हिडिओ न दाखवता फक्त मोजणीचा तक्ता लावला आणि आधी उदबत्ती दाखवली. सभा शांत झाली. मागच्या रांगेतून एक बाबा म्हणाले, “म्हणजे आमच्याच गाड्या?” मॅडमनी एवढंच उत्तर दिलं, “आणि शाळेच्या बस.” रिक्षावाल्यांकडे सरकलेलं बोट असं पालकांकडे आणि शाळेकडे वळलं. व्हिडिओ दाखवला असता, तर माझ्या अंदाजाने निम्मी सभा बचावात गेली असती.

ठरलं ते असं. बस उत्तरेच्या आडव्या गल्लीत थांबतील, जिथे घळ उघडी आहे. साडेबाराला सकाळची पाळी मागच्या फाटकातून बोळात सुटेल. गाडीने येणारे पालक लांब थांबतील, इंजिन बंद ठेवतील. रिक्षा स्टँड आहे तिथेच. मागच्या फाटकावर मुख्याध्यापिकांचा आक्षेप रास्त होता: वॉचमन एक, फाटकं दोन. म्हणून ते फक्त सव्वाबारा ते एक एवढ्यापुरतं उघडायचं आणि एका शिक्षकाने तिथे उभं राहायचं. झुडपांच्या भिंतीची कल्पना सोडली. एवढ्याशा फुटपाथवर तिने चालायची जागा खाल्ली असती आणि लोक रस्त्यावर, टेलपाइपच्या आणखी जवळ उतरले असते.

निष्पत्ती

बसचा नियम टिकला, कारण बसवाल्यांना गल्लीत उभं राहणं सोयीचं पडलं. मागचं फाटक चाललं. पालकांच्या गाड्यांचा नियम दोन आठवडे टिकला. ऊन वाढलं तसे एसी परत सुरू झाले.

पुढच्या फेरीत दुपारच्या नळ्यांमध्ये शाळेच्या फाटकापाशी घट दिसली, दोन फुटपाथांमधलं अंतर कमी झालं. मागच्या बोळात मुलं जी हवा घेत होती ती गच्चीवरच्या पार्श्वहवेच्या जवळची होती, आणि हाच खरा फायदा. दोन आठवड्यांच्या सलग नळ्यांत मात्र फरक जेमतेम. उरलेले तेवीस तास रस्ता तोच होता.

घट अपेक्षेपेक्षा लहान का, हे पालकांनी विचारलं. गाडीतून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि रस्त्यावर ओझोनशी भिडून त्याचा डायऑक्साइड बनतो. घळीत ओझोन मोजकाच असतो. तो संपला की जास्तीचा नायट्रिक ऑक्साइड तसाच राहतो. त्यामुळे धूर काही टक्क्यांनी कमी झाला, तरी डायऑक्साइड त्याच प्रमाणात उतरत नाही. हे आधी सांगितलं असतं, तर अपेक्षा तेवढ्याच राहिल्या असत्या.

वाहतूक शाखेने गटाचं सादरीकरण ऐकून घेतलं आणि स्टँडचा विषय बंद केला. जुना अहवाल अजूनही फाइलमध्ये तसाच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

मोजणी आधी आणि मॉडेल नंतर. रांगेतली इंजिनं बंद आहेत हे पहिल्याच आठवड्यात फुटपाथवर उभं राहून कळलं असतं, तर युनियनशी झालेली महिनाभराची कडवट पत्रापत्री टळली असती. गच्चीवर वाटीऐवजी ध्वनिलहरींनी वारा मोजणारा सोनिक वेगमापक हवा होता. महाग असतो, पण एखाद्या संस्थेकडून हिवाळ्यापुरता मागून आणता आला असता, आणि सकाळचे शून्य तास मोजता आले असते. सिग्नलच्या रांगेचा तुकडा वेगळा धरायला हवा होता. ओएसपीएम रस्त्याच्या लांबीभर धूर सारखा सुटतो असं मानतं, आणि थांबत-सुटत जाणारी गाडी एआरएआयच्या सरासरी आकड्यांत बसत नाही. फाटकापाशी मॉडेल कमी सांगत होतं त्याचा काही भाग यातच असावा. उन्हाळ्यात नळ्यांची आणखी एक फेरीही हवी होती, कारण समुद्राचा वारा तेव्हा लवकर पोचतो आणि दुपारचा निष्कर्ष त्याच्याच जिवावर उभा आहे.

आता शाळेला लागूनची जुनी इमारतही पुनर्विकासात गेली आहे. पश्चिमेची बाजू उंच आणि पूर्वेची बुटकी झाली की दुपारच्या वाऱ्यात घळीतली हवा आजच्यासारखी फिरणार नाही, आणि ओएसपीएमची साधी चौकट तिथे तोकडी पडते. विद्यार्थ्यांचं सीएफडी तेव्हा खरोखर लागेल. इमारतीचे नकाशे मंजूर होण्याआधी ते चालवता यावं म्हणून मॅडमनी शाळेमार्फत महापालिकेकडे उंचीचे आकडे मागितले आहेत, आणि काकांनी बांबू गच्चीवरून उतरवलेला नाही.